वळणाच्या आतली मोकळी जागा

(गाडीच्या काचेतून दिसणारा महामार्ग)

ताशी 100 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर पुढे सरकते. समोर काहीतरी आडवं आलंय हे दिसायला, उमगायला आणि पाय ब्रेकवर जायला अभियंते अडीच सेकंद धरतात. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच 69 मीटर गेलेले असतात. पुढे थांबेपर्यंत आणखी सुमारे 114. अमेरिकेतल्या ‘आशटो’ या राज्य महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या मानकात या वेगासाठी थांबण्याचं दृष्टीअंतर 185 मीटर आहे, रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या मानकात 180. उतारावर ते आणखी वाढतं. एवढा रस्ता चालकाला सतत दिसायलाच हवा.

(चढाचा माथा)

माथ्यापलीकडचं किती दिसेल, हे दोन उंचींवर ठरतं. आशटो चालकाचा डोळा 1.08 मीटरवर धरतं आणि समोरची वस्तू 60 सेंटीमीटर उंच, साधारण पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्याएवढी. 2001 च्या आवृत्तीआधी ही वस्तू 15 सेंटीमीटरची होती. भारतीय मानकातही 15 च. वस्तू उंच धरली की माथा कमी कापावा लागतो, खोदाई वाचते. पण रस्त्यात पडलेला दगड चालकाला उशिरा दिसतो. माझ्या मते हा नुसता गणिताचा आकडा नाही. चालकाला काय दिसलंच पाहिजे, याचा निर्णय त्यात घेतलेला असतो.

(वळण, वरून)

वळणावर नजर सरळ जाते आणि रस्ता वळतो. त्यामुळे नजरेची वाट रस्त्याबाहेरच्या जमिनीवरून जाते. समजा, सपाट रस्त्यावर 500 मीटर त्रिज्येचं वळण आहे. आतल्या लेनच्या मध्यापासून आतल्या बाजूला साडेआठ मीटर मोकळे असतील, तर 185 मीटर दिसतं. आता चार मीटरवर काँक्रीटचा कठडा बांधा, 81 सेंटीमीटर उंच. चालकाच्या डोळ्यापेक्षा तो खालीच आहे, त्याच्यावरून पलीकडची झाडं, आभाळ सगळं दिसतं. मात्र लांबच्या गाडीचे दिवे 60 सेंटीमीटरवर, कठड्याच्या आड. ते दिसतात जेमतेम 127 मीटरवरून. ताशी 80 ला लागणारे 130 मीटरही उरले नाहीत. त्रिज्या तीच, फलकावरचा वेगही तोच. सुरक्षेसाठी उभारलेल्या कठड्यानेच नजर अडवली.

आराखड्यात वळणं एका कागदावर आणि चढउतार दुसऱ्यावर काढतात. दोन्ही नियमात बसतात, आणि माथ्यावरच वळण आलं की गणित चुकतं. आता त्रिमितीय मॉडेलमध्ये ते तपासता येतं, आणि तपासायलाच हवं. गवत-झुडपं मात्र मॉडेलमध्ये वाढत नाहीत.

(रस्त्याच्या कडेला दोन माणसं)

म्हणून बांधलेल्या रस्त्यावरही मोजणी करावी लागते. एकजण 60 सेंटीमीटरची पट्टी घेऊन पुढे, दुसरा 1.08 मीटरवर डोळा ठेवून मागे, मधलं अंतर 185 मीटर. दोघं सारख्या चालीने सरकतात. पट्टी दिसेनाशी झाली की तिथे खूण करायची. मग झुडपं कापायची, कठडा मागे घ्यायचा, आणि यातलं काहीच शक्य नसेल तर वेगमर्यादा उतरवायची.