पाणी गोठताना तापमापीतला पारा का थबकतो?

पाण्याचा बर्फ झाला तरी रेणू तोच राहतो: दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन. बदलते ती रेणूंची मांडणी, म्हणून गोठणं हा भौतिक बदल. व्याख्या एवढीच. खरी गंमत तापमापीत दिसते.

या परीक्षानळीत 10 ग्रॅम ऊर्ध्वपातित पाणी आहे. बाहेरच्या चंचुपात्रात वजनाने तीन भाग बारीक फोडलेला बर्फ आणि एक भाग मीठ. मिठामुळे हे मिश्रण 0 अंशाच्या बरंच खाली जातं. पुष्कळांचा प्रयोग फसतो तो इथं, कारण ते नुसता बर्फ घेतात. बर्फ 0 अंशावर, नळीतलं पाणीही 0 अंशावर आलं, की उष्णता बाहेर जाणार कुठं? तासभर थांबा, पाणी पाणीच राहील. तापमापीचा फुगा पाण्याच्या मधोमध ठेवा. काचेला टेकला तर तो बाहेरच्या मिश्रणाचं तापमान दाखवू लागतो.

आता दर अर्ध्या मिनिटाला नोंद घ्या. पारा 20 वरून भराभर उतरतो आणि 0 ला येऊन थबकतो. उष्णता बाहेर जातेच आहे, पण रेणू जागच्या जागी बांधले जाताना तेवढीच उष्णता सोडतात. हा अप्रकट उष्मा, ग्रॅममागे 334 ज्यूल. हिशेब मांडून बघा. 20 पासून 0 पर्यंत आणायला 836 ज्यूल काढावे लागले. त्याच पाण्याचा 0 अंशावर बर्फ करायला 3340. चौपट!

कधी कधी पारा 0 ला थांबतच नाही, उणे 5 पर्यंत सरळ घसरतो आणि पाणी मात्र द्रवच. तापमापी बिघडली असं समजून ती बदलू नका. पाणी स्वच्छ आणि स्थिर असलं की पहिला स्फटिक धरायला आधार मिळत नाही. याला अतिशीतन म्हणतात. बर्फाचा एक कण आत टाका. क्षणात सुया पसरतात आणि पारा उसळून 0 वर येतो. तरी तेवढ्यात गोठतं ते शेकडा सहाच पाणी, कारण त्याच्याच उष्म्याने उरलेलं पाणी पुन्हा 0 ला येतं.

वस्तुमान बदललं नाही हे तपासायचं, तर नळी आधी तापमापीविना तोला आणि गोठवतानाही तापमापी बाहेरच ठेवा. तोलण्यापूर्वी बाहेरून कोरडी पुसा. काचेवर मिठाचं पाणी असतं, हवेतली वाफही तिथंच जमते. ते राहिलं तर ‘बर्फ पाण्यापेक्षा जड झाला’ असा भलताच निष्कर्ष निघतो. आकारमान मात्र सुमारे 9 टक्के वाढतं, म्हणून नळी काठोकाठ भरू नये. पहिल्या प्रयोगातली तापमापी बर्फात अडकली असेल, तर ती ओढू नका, फुगा तुटेल. नळी मुठीत धरा, बर्फ सुटतो.

शेवटी नळीत मिठाचं पाणी घ्या. आता नोंदींचा आलेख काढला, तर पारा 0 ला थबकल्याची ती सपाट रेषा मिळत नाही. गोठतं ते जवळपास निव्वळ पाणी. मीठ उरलेल्या द्रवात साचत जातं, द्रव अधिक खारट होतो आणि त्याचा गोठणबिंदू खाली सरकतो. हा उतार उणे 21 अंशांच्या आसपास संपतो, कारण तिथं मीठही पाण्याबरोबर स्फटिकरूप होतं. चंचुपात्रातलं मिश्रण कितीही मीठ ओतलं तरी त्याखाली जात नाही, त्याचंही कारण हेच.