अक्षर घडताना पाहायला हवे

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबर २०२१ मध्ये ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग वीस महिन्यांच्या खंडानंतर पुन्हा भरू लागले. त्या पहिल्या आठवड्यातील एक प्रसंग मी आधी सांगते, कारण प्राथमिक शाळेतील ऑनलाइन शिक्षणाविषयी मला जे म्हणायचे आहे ते त्याच प्रसंगातून मला उमगले. अकोले तालुक्याच्या डोंगराळ पश्चिम भागातील आमची शाळा द्विशिक्षकी आहे. चार इयत्ता आणि शिकवणारे आम्ही दोघे. दुसरीत एक मुलगा होता. त्याचे नाव जून २०२० मध्ये पहिलीच्या पटावर लागले होते, पण पहिलीच्या वर्गात तो एक दिवसही बसला नव्हता. त्याचा गृहपाठ मला व्हॉट्सअ‍ॅपवर नियमाने येत असे, अक्षर वळणदार असे आणि मी प्रत्येक फोटोला शाबासकी देत असे. त्या दिवशी मी त्याच्याशेजारी बसले आणि त्याला 'कमळ' हा शब्द लिहायला सांगितला. त्याने आधी वहीवर आडवी शिरोरेघ ओढली, मग 'क'ची उभी रेघ खालून वर नेत तिला चिकटवली, मग उजवीकडचे वळण काढले आणि सर्वांत शेवटी डावीकडची गाठ जोडली. तयार झालेल्या 'क'मध्ये खोट काढायला जागा नव्हती. परंतु हे सारे करण्यात एवढा वेळ गेला की तिसऱ्या अक्षरापर्यंत येईतो आपण कोणता शब्द लिहितो आहोत याचाच त्याला विसर पडला आणि माझ्याकडे मान वर करून त्याने विचारले, "बाई, पुढं काय होतं?"

तो समोरच्या अक्षराचे चित्र काढायला शिकला होता, लिहायला शिकायचे अजून राहिले होते. ज्याला हाताच्या एका लयीत अक्षर उमटवता येते त्याचे मन शब्दाकडे आणि अर्थाकडे मोकळे राहते. ज्याला प्रत्येक अक्षर तुकड्या-तुकड्यांनी जुळवावे लागते त्याची सारी शक्ती रेघांतच खर्च होते. ही चूक पहिलीच्या वर्गात पहिल्या पंधरवड्यात माझ्या नजरेला आली असती, कारण पहिलीची बाई मुलाच्या वहीपेक्षा त्याच्या हाताकडे अधिक पाहते: पेन्सिल कोणत्या बोटांत धरली आहे, मनगट टेकले आहे की अधांतरी आहे, रेघ कोठून निघते आणि कोठे थांबते. त्या मुलाच्या बाबतीत मी दीड वर्ष पूर्ण झालेल्या अक्षरांचे फोटो तपासत राहिले आणि अक्षर घडताना एकदाही पाहिले नाही. याची खंत मला आजही आहे.

त्या काळात शासनाने आणि समाजाने हात बांधून बसणे पसंत केले नाही, हेही मी कृतज्ञतेने नोंदवते. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने एप्रिल २०२० मध्येच 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला सुरू केली आणि तिचे दुवे रोज आमच्या गटांवर येत असत. जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागू लागली, तर नागपूर आकाशवाणीने 'शाळेबाहेरची शाळा' घरोघर पोहोचवली. त्याच जुलै महिन्यात केंद्राच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचना आल्या आणि पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोनच ऑनलाइन सत्रे असावीत, अशी मर्यादा त्यांत घालून दिली होती. लहान मुलांच्या डोळ्यांचा आणि चित्ताचा विचार करून घातलेली ती मर्यादा योग्यच होती. आमच्या वाड्यांत मात्र अडचण सत्रांच्या संख्येची नव्हती.

'असर' या सर्वेक्षणाच्या २०२० च्या अहवालात असे आढळले की देशाच्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे त्यांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांवर गेले होते. ही वाढ मोठी होती आणि आमच्या गावातही ती दिसत होती. परंतु घरात असलेला फोन हा घराचा असतो, मुलाचा नसतो. तो वडिलांच्या खिशातून सकाळी बाहेर पडतो आणि दिवेलागणीला घरी येतो. आल्यावर त्याच्यावर आधी थोरल्या बहिणीच्या दहावीचा हक्क असतो, आणि पहिलीतल्या पोराची पाळी येईपर्यंत पोरगे पेंगलेले असते किंवा डाटा तरी संपलेला असतो. त्यात आमच्याकडे रेंजसाठी वाडीच्या वरच्या अंगाला, टेकाडावरच्या एका आंब्याखाली जावे लागते. पावसाळ्याच्या दिवसांत त्या झाडाखाली इरलं पांघरून, फोन पोटाशी धरून उभ्या असलेल्या एका आईला मी पाहिले आहे. मुलाचा स्वाध्याय 'पोहोचला का' हे पाहायला ती आली होती. शिक्षणाची एवढी ओढ असलेल्या माणसांसमोर आपण जे साधन ठेवतो ते त्या ओढीच्या लायकीचे असले पाहिजे, असे मला त्या दिवशी फार तीव्रतेने वाटले.

आता याच फोनने मला जे दिले तेही सांगते.

तेव्हा तिसरीत असलेली एक मुलगी वर्गात कधीच तोंड उघडत नसे. हजेरी घेतानाही ती नुसता हात वर करी. शाळा बंद झाल्यावर मी मुलांना धड्यातील एक परिच्छेद मोठ्याने वाचून त्याचे ध्वनिमुद्रण पाठवायला सांगितले, आणि चौथ्या दिवशी तिचा आवाज माझ्या फोनवर आला. मागे शेळ्यांचे ओरडणे होते, कोणीतरी भांडी घासत होते, आणि त्या गलक्यातून एक बारीक पण स्वच्छ आवाज पूर्णविरामावर नीट थांबत वाचत होता. तिच्या आजीने नंतर मला सांगितले की ती गोठ्यात जाऊन पाच-पाच वेळा वाचायची, स्वतःचे वाचन स्वतः ऐकायची, पसंत पडले नाही तर पुसून टाकायची आणि मनासारखे झाले तेव्हाच पाठवायची. वर्गात मी तिला अडखळण्याची मोकळीक दिली होती, असे मला वाटत होते; पण तीस डोळ्यांसमोर अडखळणे तिला नको होते, तिला एकटीने अडखळायचे होते. आपलेच वाचन पुन्हा ऐकून सुधारण्याची सोय पाटी-पुस्तकात नव्हती, ती या यंत्राने दिली. शाळा सुरू झाल्यावरही मी ती सोडलेली नाही. शाळेचा जुना फोन व्हरांड्याच्या कोपऱ्यात ठेवलेला असतो आणि ज्याला हवे तो तेथे जाऊन आपले वाचन मुद्रित करतो.

गणिताचा अनुभव याच्या उलट होता. टॅबवर बेरजेची एक उजळणी असते. प्रश्नाखाली चार उत्तरे असतात, चूक दाबले तर खट्ट असा आवाज होतो आणि बरोबर दाबले की तारे उधळतात. २७ आणि १८ यांची बेरीज एका मुलाने आधी ३१५ दाबली, मग ३५, मग ४५, आणि तारे उधळल्यावर तो आनंदाने पुढच्या प्रश्नावर गेला. यंत्राच्या लेखी त्याला बेरीज येऊ लागली होती. माझ्या लेखी त्याच्या पहिल्याच उत्तरात सारे काही होते: त्याने एककांची बेरीज १५ आणि दशकांची बेरीज ३ अगदी अचूक केली होती आणि ती दोन्ही उत्तरे शेजारी-शेजारी मांडली होती, त्याला बेरीज येत होती, हातचा म्हणजे काय हे कळले नव्हते. मी त्याच्या हातातला टॅब बाजूला ठेवला आणि काड्यांचे गठ्ठे काढले. पंधरा सुट्या काड्या मोजून झाल्यावर त्यातल्या दहांना त्याने स्वतः दोरा बांधला, तो नवा गठ्ठा आधीच्या तीन गठ्ठ्यांत टाकला आणि क्षणभर थांबून म्हणाला, "म्हणजे हा इकडं राहायला गेला." मुलाची चूक ही शिक्षकासाठी मुलाच्या डोक्यात जाण्याची वाट असते, आणि जे साधन चूक दिसताक्षणी पुसून पुढे नेते ते ती वाट बुजवते.

म्हणून कोणतेही साधन वर्गात आणताना मी स्वतःला एकच गोष्ट विचारते की याच्यामुळे मला मूल अधिक दिसेल की कमी दिसेल. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, तेव्हा त्यांनी पाठ्यपुस्तकांत वापरलेल्या क्यूआर कोडची मोठी चर्चा झाली. आज बालभारतीच्या पुस्तकात ते चौकोनी चिन्ह मोबाइलने टिपले की 'दीक्षा' या मंचावरील त्या पाठाचे साहित्य उघडते. आमच्या शाळेत रेंज नसल्यामुळे मी आदल्या रात्री घरी बसून उद्याच्या पाठाचे साहित्य उतरवून घेते, ते आधी स्वतः पाहते आणि त्यातले कोठे थांबायचे ते वहीत लिहून ठेवते. हे थांबणे फार महत्त्वाचे आहे. चालू चित्रफीत सोडून शिक्षक दुसऱ्या वर्गाकडे वळला की मुले गप्प बसतात खरी, आणि बहुवर्ग शाळेत तो मोह मलाही होतो, पण ती शांतता शिकण्याची असतेच असे नाही.

चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास आहे. आमच्या मुलांना किल्ला म्हणजे रतनगड आणि हरिश्चंद्रगड. पाण्यात किल्ला असू शकतो हे त्यांच्या कल्पनेत बसत नव्हते. मालवणच्या समुद्रात १६६४ मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग मी त्यांना पडद्यावर दाखवला आणि लाटा तटाला धडकतात त्या ठिकाणी चित्र थांबवले. मग मी काहीही न बोलता वाट पाहिली. बराच वेळ गेल्यावर एका मुलीने विचारले, "बाई, समुद्राचं पाणी खारट असतं ना? मग तिथली माणसं पीत काय होती?" या प्रश्नावर आमचा अर्धा तास गेला. मुलांनी तर्क लढवले, कोणी होडीने पाणी आणायला सांगितले, कोणी पावसाचे साठवायला सांगितले, आणि मग मी त्यांना किल्ल्याच्या आतल्या गोड्या पाण्याच्या विहिरी, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव, यांची नावे सांगितली. थंडीत आम्ही रतनगडावर गेलो तेव्हा मुलांनी सर्वांत आधी खडकात खोदलेली पाण्याची टाकी शोधली. समुद्र वर्गात आणणे माझ्या शब्दांना जमले नसते, ते पडद्याने केले. आणि चित्र कोठे थांबवायचे हे पडद्याला कळले नसते.

युनेस्कोचा २०२३ चा जागतिक शिक्षण अहवाल नेमका याच विषयावर होता. तंत्रज्ञान हे शिक्षकाशी होणाऱ्या प्रत्यक्ष संवादाला जोड म्हणून असावे, त्याच्या जागी नसावे, असा त्याचा आग्रह आहे. आपल्याकडील आकडेही हेच सुचवतात, असे मी मानते. तिसरीच्या ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो त्यांचे देशाच्या ग्रामीण भागातील प्रमाण 'असर'नुसार २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये २७.१ टक्क्यांपर्यंत परत आले. या भरपाईत पायाभूत वाचनावर सर्वत्र दिल्या गेलेल्या भराचा वाटा आहे, तसाच मूल पुन्हा रोज शिक्षकासमोर बसू लागले याचाही आहे. मूळची २७ टक्के ही पातळीसुद्धा समाधानाची नाही, हे वेगळे सांगायला नको.

एक गोष्ट मात्र मला मनापासून बोचते आणि ती येथे सांगितली पाहिजे. ऑनलाइन शिक्षण म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढच्या पडद्याची चिंता होते, पण शिक्षकाच्या डोळ्यांपुढच्या पडद्याची होत नाही. माहिती भरणे, फोटो चढवणे, एकच तक्ता वेगवेगळ्या ठिकाणी पाठवणे, यांत माझा दिवसाचा मोठा वेळ जातो, आणि तो वेळ शेवटी पहिलीच्या त्या हाताशेजारी बसण्याच्या वेळातूनच निघतो. दोन शिक्षकांच्या शाळेत एक जण माहिती भरत असेल तर चारही वर्ग एकट्या दुसऱ्यावर असतात. तंत्रज्ञानाने शिक्षकाचा भार हलका करावा, अशी माझी साधी अपेक्षा आहे आणि ती रास्त आहे, असे मला वाटते.

पालक श्रोत्यांना एक विनंती करते. आपल्या मुलाचा स्वाध्याय आजही फोनवर येत असेल, तर त्याचा फोटो काढण्यापूर्वी पाच मिनिटे त्याच्या उजव्या बाजूला, आणि तो डावखुरा असेल तर डाव्या बाजूला बसा, आणि तो लिहीत असताना त्याच्या हाताकडे पाहा. तुम्हाला स्वतःला लिहिता येत नसेल तरी हे पाहता येते: रेघ वरून खाली येते आहे का, पेन्सिल घट्ट आवळून धरली आहे का, एक शब्द लिहिताना तो किती वेळा मान वर करून नमुन्याकडे पाहतो. फोटोसोबत एवढेच मला बोलून पाठवा. मला त्या फोटोपेक्षा तुमच्या या चार वाक्यांचा अधिक उपयोग होईल.

'कमळ' लिहिणाऱ्या त्या मुलाला मी नंतर पाटीवर, वाळूत आणि ओल्या बोटाने फरशीवर 'क' गिरवायला दिला, कारण जुने वळण मोडायला हाताला नवी जागा लागते. त्याला उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत वेळ लागला. वाचन मुद्रित करणारी मुलगी पुढच्या शाळेत गेली. तिच्या परवानगीने तिचे गोठ्यातले वाचन मी अजून जपून ठेवले आहे. यंदाच्या दुसरीतला एक मुलगा वर्गात बोलत नाही. गेल्या आठवड्यात मी त्याला ते ऐकवले. शेळी ओरडली तेव्हा तो हसला, आणि शाळा सुटल्यावर व्हरांड्यातल्या त्या फोनपाशी बराच वेळ उभा होता.

नमस्कार.