निकालपत्रावरचं नाव

श्रोतेहो, नमस्कार.

एक मे आला की आपल्या सातारा जिल्ह्यातल्या हायस्कुलांमध्ये सकाळी झेंडावंदन होतं आणि मग वर्गावर्गात निकालपत्रं वाटली जातात. मूल घरी पोहोचण्याआधीच दारात प्रश्न उभा असतो, "कितवा आलास? किती टक्के पडले?" प्रश्न स्वाभाविक आहे. पण वर्षभरात मुलानं जे मिळवलं, म्हणजे टक्के, शिष्यवृत्ती, चित्रकलेची श्रेणी, खेळातलं प्रमाणपत्र, ते त्याच्या कामी येईल की नाही हे बऱ्याच वेळा एक मे ते शाळा उघडेपर्यंतच्या दीड महिन्यात ठरतं. आज त्याच दीड महिन्याबद्दल बोलायचं आहे.

सुरुवात शाळेच्या वार्षिक अहवालापासून करू. सत्र संपताना मुख्याध्यापक अहवाल वाचतात, टाळ्या पडतात. त्यात एक वाक्य हमखास असतं, "आमच्या विद्यार्थिनीनं राज्यस्तरापर्यंत मजल मारली." ऐकायला छान वाटतं, पण नोंद म्हणून ते अपुरं आहे. स्पर्धा कोणी घेतली, वयोगट चौदा वर्षांखालचा की सतरा, स्तर तालुका, जिल्हा, विभाग की राज्य, तारीख कोणती, क्रमांक आला की नुसता सहभाग होता आणि प्रमाणपत्राचा नंबर काय, एवढ्या गोष्टी लिहिल्या तरच ती नोंद. मुलगी दोन वर्षांनी खेळाचे सवलतीचे गुण मागायला जाते तेव्हा तिला हाच तपशील विचारतात. 'राज्यस्तरावर निवड' आणि 'राज्यस्तरीय स्पर्धेत सहभाग' यांतलं अंतर फार मोठं आहे, आणि अहवालात ते पुसलं गेलं की मुलीचंच नुकसान होतं.

शाळेतली नोंद किती टिकते याचं उदाहरण आपल्या सातारा शहरातच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी इथल्या तेव्हाच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, एका मुलानं प्रवेश घेतला. रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकापुढे नाव आहे भिवा रामजी आंबेडकर. त्या एका ओळीमुळे बाबासाहेबांच्या शाळाप्रवेशाचा दिवस आपल्याला नेमका माहीत आहे, आणि महाराष्ट्रात तो विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. जनरल रजिस्टर म्हणतात ते हेच. तुमच्या मुलाचंही नाव अशाच एका रजिस्टरच्या एका ओळीत आहे. पुढचा प्रत्येक दाखला त्या ओळीवरून निघतो.

म्हणून नववीचं निकालपत्र हातात आलं की टक्के बघून झाल्यावर नाव बघा. नववीच का? कारण दहावीचे बोर्डाचे अर्ज दिवाळीच्या आसपास भरले जातात आणि ते शाळेनं ऑनलाइन भरलेल्या माहितीवरूनच तयार होतात. तिथं जे नाव असेल तेच हॉलतिकिटावर येतं आणि तेच गुणपत्रिकेवर छापलं जातं. चूक दुरुस्त करायला शांत वेळ मिळतो तो याच उन्हाळ्यात.

चुका कोणत्या असतात? आपल्या भागात वडिलांचं नाव रजिस्टरला 'संपत' असतं, आधारकार्डावर 'संपतराव'. आई एका कागदावर 'मंगल', दुसऱ्यावर 'मंगला'. इंग्रजी स्पेलिंगमध्ये तर 'दीपक'मधली 'दी' कुठं दोन 'ई' घालून, कुठं एका 'आय'वर. घरात याचा कोणाला त्रास नसतो. संगणकाला मात्र ही दोन वेगळी माणसं वाटतात, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज तिथंच अडकतो.

करायचं असं. जनरल रजिस्टरचा उतारा, जन्मदाखला, आधार आणि बँकेचं पासबुक हे चार कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा. मुलाचं, वडिलांचं, आईचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक दिसला तर आधी आधार केंद्रावर धावू नका. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. आधी ठरवा बरोबर काय आहे. जन्मदाखला आणि रजिस्टर जुळत असतील तर आधार त्यांच्याप्रमाणे करून घ्या. रजिस्टरच चुकलं असेल तर मूल शाळेत शिकत असतानाच पुराव्यासह मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या. ही दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेनं होते, आणि शाळा सोडल्यावर ती फार अवघड होऊन बसते. दहावीच्या वर्षी बोर्डाची प्री-लिस्ट, म्हणजे अर्जात भरलेल्या माहितीची तपासायची यादी, शाळेत येते आणि तीवर विद्यार्थ्याची सही घेतात. ती सही करण्याआधी घरी विचारून खात्री करून ये, एवढं मुलाला सांगून ठेवा. घाईत केलेल्या त्या सहीनं चूक पक्की होते, मग दुरुस्तीसाठी शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळापर्यंत कागद फिरवावे लागतात.

आणखी एक. मूल पंधरा वर्षांचं झालं की आधारवरचे बोटांचे ठसे आणि फोटो नव्यानं द्यावे लागतात. ते राहून गेलं तर नववी-दहावीत शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर चेहऱ्याची पडताळणी करताना अडचण येते. लहानपणीचा फोटो आणि आताचा चेहरा जुळायचा कसा?

आता आठवीच्या मुलांकडे येऊ. सत्राअखेरच्या बातम्यांत सर्वांत मोठी बातमी असते ती एनएमएमएसच्या निकालाची. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातल्या मुलांसाठीची ही केंद्राची शिष्यवृत्ती. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि मूल सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असावं. परीक्षेला दोन पेपर, एक बौद्धिक क्षमतेचा आणि एक शालेय विषयांचा, प्रत्येकी नव्वद प्रश्न आणि नव्वद मिनिटं. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, चार वर्षांत ४८,०००. माण-खटावच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात या रकमेला काय मोल आहे ते वेगळं सांगायला नको.

पण निवडयादीत नाव आलं म्हणजे पैसे आले, असं नाही. नववीत गेल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर मुलाची नोंदणी करून अर्ज भरावा लागतो. मग शाळा तो पडताळते, मग जिल्हा पडताळतो. आणि हे दरवर्षी करायचं असतं, दहावी, अकरावी, बारावीला नूतनीकरण. एका वर्षी नूतनीकरण चुकलं की हप्ता थांबतो. दहावीला किमान ६० टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना ५५. सर्वांत जास्त गळती अकरावीला होते. मूल हायस्कूल सोडून ज्युनिअर कॉलेजात जातं, तिथल्या कार्यालयाला ते शिष्यवृत्तीधारक आहे हे माहीतच नसतं, आणि मूल संकोचानं सांगत नाही. म्हणून अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशीच निवडपत्राची झेरॉक्स कॉलेजच्या कार्यालयात द्या आणि पोर्टलचं काम कोण बघतं ते विचारून ठेवा.

अर्ज मंजूर आहे पण पैसे दिसत नाहीत, ही तक्रारही खूप असते. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि ज्या बँकेत आधार सर्वांत शेवटी जोडलं गेलं त्या खात्यात. आईनं मध्येच दुसऱ्या बँकेत मुलाचं खातं काढलं असेल तर पैसे तिकडे पडलेले असतात आणि घरचे जुनं पासबुक छापत बसतात. दुसरं कारण, खात्यावर दीर्घकाळ व्यवहारच नसल्यानं ते निष्क्रिय झालेलं असतं. उपाय साधा आहे. खातं मुलाच्या स्वतःच्या नावाचं ठेवा, बँकेत आधार जोडणीचा अर्ज भरून ती झाल्याची खात्री करून घ्या आणि अधूनमधून शंभर रुपये का होईना, भरा-काढा.

ज्यांची निवड थोडक्यात हुकली त्यांनीही थांबू नये. मराठा आणि कुणबी समाजातल्या, एनएमएमएस उत्तीर्ण पण निवडयादीत न आलेल्या मुलांसाठी सारथी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६०० रुपये. तिचा अर्ज शाळेमार्फत जातो. 'नापास झालो' अशा समजुतीनं मुलं गुणपत्रकच टाकून देतात. ते टाकू नका, त्या अर्जाला तेच लागतं.

या सगळ्याला उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तो एकतीस मार्चला संपतो. गेल्या वर्षीचा दाखला जोडला म्हणून अर्ज परत येतो. नवा दाखला एप्रिल-मेमध्येच सेतू केंद्रातून काढून ठेवा. जूनमध्ये अकरावी, आयटीआय, डिप्लोमा सगळ्यांची गर्दी तहसीलला एकदम होते.

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन ग्रेड परीक्षांचं थोडक्यात सांगतो. इंटरमिजिएटला ए श्रेणी असेल तर दहावीला ७ गुण, बी असेल तर ५, सी असेल तर ३. दहावीचे टक्के सहाशेपैकी नव्हे, सर्वोत्तम पाच विषयांच्या पाचशेपैकी काढतात. समजा मुलीला पाचशेपैकी ४५५ मिळाले, म्हणजे ९१ टक्के. त्यात सात मिळवले की ४६२, म्हणजे ९२.४०. अकरावीच्या यादीत एवढ्यानं हवं ते कॉलेज मिळतं किंवा जातं. म्हणून एलिमेंटरी आठवीत आणि इंटरमिजिएट नववीत उरकावी, असा आमचा आग्रह असतो. दहावीच्या दिवाळीपूर्वी तास-तासभर वस्तुचित्राचा सराव करणं मुलांना जड जातं, आणि प्रमाणपत्र हाती येऊन प्रस्ताव वेळेत जाईल की नाही याची धाकधूक वेगळी.

खेळाच्या गुणांबाबत एकच सांगणं. गावच्या मंडळानं, यात्रा कमिटीनं भरवलेल्या स्पर्धेची ढाल कितीही मोठी असली तरी सवलतीचे गुण मान्यताप्राप्त स्पर्धेलाच मिळतात, आणि प्रस्ताव शाळा व जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय यांच्यामार्फत जातो. मुलाला कोणत्या स्पर्धेत उतरवायचं हे वर्षाच्या सुरुवातीलाच क्रीडाशिक्षकांशी बोलून ठरवा. आपल्याच जिल्ह्याची आदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. तेव्हा ती शाळकरी वयाचीच होती. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत पदक आणलं, ती परंपरा आपल्या मातीत आहे. मैदानावरच्या मुलांना 'अभ्यास बुडतो' म्हणून मागं ओढू नका, त्यांच्या कागदांची काळजी मोठ्यांनी घ्यावी.

शाळकरी मुलांच्या विज्ञानातल्या नव्या कल्पनांसाठी जो इन्स्पायर अवॉर्ड असतो, त्याच्या तयारीला मे महिना उत्तम. निवड झालेल्या कल्पनेला नमुना करण्यासाठी १०,००० रुपये मिळतात. नाकारल्या जातात त्या इकडून तिकडून उचललेल्या कल्पना. सिरिंजचा जेसीबी आणि ज्वालामुखीचं मॉडेल परीक्षकांनी शेकडो वेळा पाहिलेलं असतं. कोरेगावकडच्या मुलानं आलं धुताना पाणी कमी कसं लागेल याचा विचार करावा, महाबळेश्वरच्या मुलीनं स्ट्रॉबेरी खोक्यात चेपू नये म्हणून काय करता येईल ते बघावं. सुट्टीत वहीत रोज एक अडचण लिहायला सांगा. जूनमध्ये विज्ञानशिक्षकांसमोर ती वही ठेवली की बोलायला काहीतरी असतं.

पाचवी आणि आठवीच्या पालकांनी लक्षात ठेवावं की आता या इयत्तांना वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण व्हावं लागतं. पाचवीला पन्नासपैकी १८, आठवीला साठपैकी २१. मूल एखाद्या विषयात अडलं असेल तर जूनमध्ये पुनर्परीक्षा असते. मे महिन्यात त्याला मामाच्या गावाला जरूर पाठवा, पण पुस्तक सोबत द्या आणि कोणत्या घटकात ते अडलं हे विषयशिक्षकांकडून कागदावर लिहून घ्या. 'गणित कच्चं आहे' एवढ्यावर अभ्यास होत नाही. 'अपूर्णांकांचा भागाकार येत नाही' असं कळलं की आठवड्यात सुधारणा दिसते.

दहावीच्या निकालाबद्दल. गुण कमी वाटले तर गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन यांत गल्लत करू नका. पडताळणीत बेरीज बरोबर आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच बघतात. उत्तर पुन्हा तपासून हवं असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते, ती विषयशिक्षकांना दाखवून मगच अर्ज करावा. मुदत मोजक्या दिवसांची असते, तेव्हा निकालानंतरचा पहिला आठवडा अजिबात वाया घालवू नका. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला जाता येतं आणि पुरवणी परीक्षाही आहे. अशा मुलाला त्या दिवशी घरात कोणी एकटं सोडू नये, हेही सांगतो.

शाळा सोडल्याचा दाखला कार्यालयाच्या खिडकीपाशीच उभं राहून वाचा. जन्मस्थळात गाव, तालुका, जिल्हा तिन्ही आहेत का, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी सारखी आहे का, आईचं नाव आहे का. घरी नेल्यावर लॅमिनेशन करू नका. लॅमिनेशन केलेल्या मूळ कागदावर पुढं शिक्का-सही घेता येत नाही, आणि प्लॅस्टिक सोलताना शाई निघून येते. साधी पारदर्शक पिशवी असलेली फाइल पुरते. ती फाइल माळ्याच्या वरच्या कप्प्यात ठेवा. कृष्णाकाठच्या, कऱ्हाडपासून सांगलीपर्यंतच्या घरांना २०१९ चा पूर आठवत असेल. किती मुलांची प्रमाणपत्रं तेव्हा चिखलात गेली. दहावीची गुणपत्रिका डिजिलॉकरमध्येही मिळते, ती उतरवून घ्या. चित्रकलेची, खेळाची, स्काउटची प्रमाणपत्रं मात्र मोबाइलवर फोटो काढून आपली आपणच जपायची आहेत. फोटो सपाट पृष्ठभागावर, उजेडात, प्रमाणपत्राचा नंबर वाचता येईल असा काढा आणि घरातल्या दोन फोनांत ठेवा. नमस्कार.