आधी तानपुरा ऐका, मग पैसे काढा

नमस्कार श्रोतेहो. घरी निवांत ख्याल ऐकायचाय, खिसा बेताचा आहे, तर कोणता स्टिरिओ घ्यावा, असं बरेच जण विचारतात. दोन साधे, चांगले स्पीकर घ्या, पाच-सहा इंची वूफरचे, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या कर्ण्याचे. जोडीला छोटा अ‍ॅम्प्लिफायर. आणि ठरवलेल्या पैशांतले निम्म्याहून जास्त स्पीकरवर घाला. परत सांगतो, निम्म्याहून जास्त स्पीकरवर. गाणं मोबाइलवरून लावा की जुन्या सीडी प्लेअरवरून, त्यानं फारसं अडत नाही.

आता अप्पांचं ऐका. अप्पा आमचे शेजारी, बँकेतून निवृत्त झालेले. स्टिरिओ घ्यायला पुण्यातल्या तपकीर गल्लीत निघाले, तेव्हा मला सोबत घेतलं. पिशवीत एकच सीडी, ख्यालगायक मल्लिकार्जुन मन्सूरांची. दुकानदारानं रिवाजाप्रमाणे एक दणदणीत सिनेगीत लावलं. काउंटरची काच थरथरायला लागली.

"हे राहू द्या हो," अप्पा म्हणाले, "ही लावा."

तानपुरा सुरू झाला. अप्पांनी डोळे मिटले आणि बुवांचा सूर लागायच्या आत म्हणाले, "बंद करा. पुढचा दाखवा."

"काका, अजून गाणं कुठं सुरू झालंय?"

"जोडीच्या तारा आल्या. खर्ज कुठाय?"

अप्पांचं बरोबर होतं बरं का. काळी एक या पट्टीत गाणाऱ्याच्या तानपुऱ्यात खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, तार साधारण ७० हर्ट्झला बोलते. मुठीएवढ्या ब्लूटूथ स्पीकरला तो मूळ स्वर झेपत नाही. जवारीची, म्हणजे तारांच्या गुंजनाची, झणझण मात्र पार वरच्या टोकाला. म्हणजे एकटा तानपुरा स्पीकरची दोन्ही टोकं तपासून देतो.

दुसरा जोड झाला, तिसरा झाला. चौथ्याला दुकानदारानं गुपचूप बेसचं बटण पिळलं. तबला सुरू होताच अप्पांनी डोळे उघडले. "अहो, हा डग्गा आहे की जिन्यावरून गोणी पडली?" (हल्ली सभागृहातही तबल्याचा माइक असाच चढवतात आणि बंदिशीचे शब्द कळत नाहीत. साउंड सिस्टिमवाल्यांना सक्तीनं गाणं शिकवायला हवं. असो.) पाचवा जोड पसंत पडला. कंपनीचं नाव अप्पांनी बिल हातात आल्यावर वाचलं.

घरी आणून शोकेसमध्ये बसवले, आणि आवाज घुमायला लागला. खोलीत खाली फरशी, भिंती उघड्या. अप्पांनी वायर बदलली, मग जाड वायर आणली. ढिम्म फरक नाही. पुढं घटस्थापना जवळ आली. काकूंनी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायला काढली आणि नेमका पाऊस. संध्याकाळी अप्पांची हाक, "अरे ये, लवकर ये, अ‍ॅम्प्लिफायर मुरला!"

जाऊन बघतो तर खोलीभर दोऱ्या बांधलेल्या, त्यांवर गोधड्या आणि सोलापुरी चादरी. मधोमध खुर्चीत अप्पा, गुडघ्यांवर टॉवेल, कारण वरून ठिबकत होतं. मन्सूरबुवांची तान अशी स्वच्छ, दाणा न् दाणा मोजावा.

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "मुरला नाही, वाळतोय."

दोन दिवसांनी गोधड्या कपाटात गेल्या आणि आवाज पुन्हा घुमायला लागला. अप्पा त्या परत टांगा म्हणून मागं लागले. तह झाला तो असा: जमिनीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा, आणि शोकेस मोकळं. तिथं काकूंनी कपबशा मांडल्या.

तेव्हा श्रोतेहो, नवा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायच्या आधी सतरंजी घाला. पुन्हा एकदा, आधी सतरंजी. स्पीकर शोकेसमधून बाहेर काढा, भिंतीपासून हातभर पुढं, आणि त्यातला छोटा कर्णा (ट्वीटर) तुम्ही बसल्यावर कानाच्या उंचीला येऊ द्या. दोन्ही स्पीकर तुमच्यापासून सारख्या अंतरावर हवेत.

जोडणी तपासायला एखादं जुनं मोनो ध्वनिमुद्रण लावा, ७८ आरपीएमच्या तबकड्यांच्या जमान्यातलं. गवयाचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून यायला हवा. तो पोकळ, इकडंतिकडं पसरलेला वाटला आणि डग्गा गायब झाला, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागलीय. बटण बंद करून ती फक्त अदलाबदल करा. मेकॅनिकला बोलावू नका, तो येण्याचेच पैसे घेईल.