हलगीपुढे कीर्तन

बोकड देवळापुढे आणला की हलगी कडाडायला लागते. त्याच्या अंगावर पाणी शिंपडतात. त्याने अंग झाडलं की देवीने मान घेतला असं समजायचं. गार पाणी पडल्यावर कुणीही अंग झाडेल, हा भाग सोडा! सांगायचं ते असं, की जत्रेतलं वाद्य आधीच कापणाऱ्याच्या बाजूला असतं. बळीला विरोध करणाऱ्याने मग काय वाजवायचं?

गाडगेबाबांनी कीर्तन उभं केलं, तेही गर्दीच्या मधोमध. दिवसभर हातात खराटा, रात्री ‘गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला’. शाळा न शिकलेला हा माणूस तुकोबांचे अभंग तोंडपाठ म्हणायचा. पण त्यांची खरी ताकद प्रश्नात होती. वऱ्हाडीत साधा प्रश्न टाकायचा, समोरून हजार तोंडांनी उत्तर घ्यायचं, लगेच पुढचा प्रश्न. नवसाच्या बोकडाला ‘नको’ म्हणायचं ते बाबांनी नाही, नवस बोललेल्यानेच. ८ नोव्हेंबर १९५६ चं वांद्र्याचं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे, ते जरूर ऐका. श्रोते तिथे नुसते ऐकत बसलेले नाहीत.

संस्कृतात एक जुनं सुभाषित आहे. त्याचा आशय असा: घोडा नको, हत्ती नको, वाघ तर नकोच नको, बळी द्यायचा तो बकरीच्या पिलाचा, कारण देवही दुबळ्यालाच मारतो. टोला जबरदस्त आहे. पण तो पंडितांना कळणार, जत्रेकरूला नाही.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. बोकडामागे कंदुरी, म्हणजे नवसाचं मटणाचं जेवण असतं, पाहुणे असतात, भावकीतला मान असतो. नुसतं ‘कापू नका’ म्हणून गात राहिलात तर लोक विचारणार, मग पंगतीत वाढायचं काय? बाबांनी याचं उत्तर कीर्तनं सुरू करण्याआधीच, स्वतःच्या मुलीच्या बारशाला दिलं होतं. रिवाज मटण आणि दारूचा होता. त्यांनी गोडाचं जेवण घातलं. भावकी रागावली, पण कुणी उपाशी उठलं नाही.

आता बैलगाडा शर्यतींकडे बघा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी परत मिळाली, २०२३ साली घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा उचलून धरला. या सगळ्या काळात घाटात, म्हणजे शर्यतीच्या मैदानात, बैलांची नावं घेऊन गाणी वाजत होती. समोरच्या बाजूला होत्या याचिका आणि प्रतिज्ञापत्रं. शर्यतीत बैलाची शेपटी चावली जाते, त्याला टोचलं जातं, हे न्यायालयात सांगून झालं. ते घाटात म्हणणारं एकही कवन माझ्या तरी कानावर आलेलं नाही. उद्या कुणी रचलंच, तर म्हणणाऱ्याला आधी खिल्लार जातीचा बैल पारखता यायला हवा. नाहीतर गाडामालक पहिल्याच कडव्याला त्याला खाली बसवतील.