झोपलेल्या संगणकाला उठवायचं कसं

श्रोतेहो, नमस्कार. संगणक रात्रभर चालू का ठेवता असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: "बाहेरून एखादी फाइल लागली तर?" त्या एका 'लागली तर'पायी डेस्कटॉप रिकामा बसूनही ४०-५० वॉट सहज खातो. तोच स्लीपवर टाकला तर एक-दोन वॉटवर भागतं. स्लीपवर बरं का, शटडाउन नव्हे. स्लीपमध्ये मेमरीला वीज मिळत राहते आणि नेटवर्क कार्डाचा एक कान उघडा असतो. त्या कानावर मॅजिक पॅकेट नावाचा संदेश पडला की संगणक उठतो. संदेश केवढा? आधी ६ ठरावीक बाइट, मग त्याच कार्डाचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक, १६ वेळा. झाले १०२ बाइट.

माझ्या एका मित्राने हे सगळं हौसेने जुळवलं. आठवड्याभरात त्याची आई म्हणाली, "अरे, तुझा संगणक रात्री उठून करतो काय?" मध्यरात्र उलटली की पंखा घरघरायचा, कॅबिनेटमधले रंगीत दिवे लागायचे. (संगणकाला रोषणाई कशाला लागते हे मला आजवर कळलेलं नाही, आणि तिचे वेगळे पैसे मोजणारे तर मुळीच कळत नाहीत. असो.) मित्राने माउस काढून ठेवला, कीबोर्ड बदलला, मांजराला खोलीबाहेर काढलं. संगणक उठायचा तो उठायचाच. शेवटी त्याने 'पॉवरसीएफजी लास्टवेक' ही कमांड दिली. शेवटचं कुणी उठवलं ते ती सांगते. उत्तर आलं: नेटवर्क कार्ड. आता कार्डाला हाक मारतंय कोण? धाकट्या बहिणीचा लॅपटॉप! त्यावर या संगणकाचा शेअर केलेला फोल्डर जोडलेला होता. लॅपटॉप उघडला की तो फोल्डरची विचारपूस करायचा, आणि कार्ड तेवढ्यानेही संगणकाला उठवायचं. मित्राचं कोडं सुटलं. आईने मात्र संगणकाचा विषय तिथेच सोडला आणि लेकीकडे वळून विचारलं, "रात्री दोन वाजता लॅपटॉपवर काय चालतं गं तुझं?"

उपाय एका टिकमार्कचा होता. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर, त्यात नेटवर्क कार्ड, त्यात पॉवर मॅनेजमेंट. तिथे फक्त मॅजिक पॅकेटनेच उठवायचा पर्याय असतो, तो निवडा. पुन्हा सांगतो, फक्त मॅजिक पॅकेट. काही संगणकांत बायोसमध्येही, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्येही, ही सोय आधी चालू करावी लागते. आणि जोडणी वायरचीच ठेवा. वाय-फायवरून झोपलेल्या संगणकाला उठवणं भरवशाचं नाही, आणि तसंही, जो संगणक टेबलावरून हलतच नाही त्याला वाय-फाय हवं कशाला?

एक राहिलं. मॅजिक पॅकेट घरातल्या नेटवर्कपुरतं चालतं, बाहेरून पाठवलेलं राउटर सहसा आत सोडत नाही. पण राउटर तर रात्रंदिवस जागाच असतो, आणि बऱ्याच राउटरमध्ये असं पॅकेट पाठवायची सोय असते. बाहेरून आधी राउटरशी सुरक्षित जोडणी करा आणि उठवायचं काम त्यालाच सांगा.