८७ची दुप्पट

नमस्कार श्रोतेहो. हाऊस आणि ड्रम अँड बेस हे नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचे दोन प्रकार. हाऊस मिनिटाला साधारण १२० ते १२८ ठोक्यांचं. ड्रम अँड बेस १७४च्या आसपास. नाचणाऱ्याला ठेच न लागता एकावरून दुसऱ्यावर कसं न्यायचं, हे मला डीजे म्हणून वाजवताना खानापूरकडच्या एका वरातीत कळलं.

मुहूर्त साडेबाराचा आणि वरात दिवेलागणीला. आपल्या लग्नांत वेळ पाळणारे एकटे भटजीच उरलेत, आणि त्यांनाही आता दुसरं लग्न गाठायचं असतंय. असो. हाऊस चालू होतं, १२४. पोरं रंगलेली. मला हुक्की आली आणि धाडकन १७४चा ट्रॅक सोडला. नवऱ्याचे काका एक हात वर, एक पाय हवेत, तसेच थांबले. पाय टाकायचा कुठं, हेच कळेना त्यांना!

मागं जनरेटरच्या गाडीजवळ हलगीवाले मामा पाचटाच्या जाळावर हलगी शेकत होते. उठून आले. "बंद कर बाळ ते. पाय अडकलेत लोकांचे." आणि माझ्याच जुन्या १२४वर त्यांची काडी पडली. काकांचा पाय खाली आला. मग मामांनी लय उतरवायला घेतली, इतकी सावकाश की कुणाला पत्ता नाही. मी मिक्सरवरचं टॅपचं बटण दाबत मोजतोय. ११०... १००... ८७. अरे, ८७ची दुप्पट १७४! तोच ट्रॅक हलगीखालून हळूहळू वर घेतला. काडीच्या एका ठोक्याला त्याचे दोन. काका हलगीवर झुलताहेत, पोरं दुपटीनं उड्या मारताहेत, आणि वरात एकच.

तेव्हा दुप्पट नाहीतर निमपट. परत सांगतो, दुप्पट नाहीतर निमपट. हलगी नसली तर ट्रॅकमध्ये ड्रम थांबतात त्या जागी वेग बदला. आणि बास, म्हणजे खालचा जाड आवाज, एकावेळी एकाचाच. जुन्याचा लो, म्हणजे मिक्सरवरचा बासचा खटका, खाली, नव्याचा वर, तेही ३२ ठोक्यांचा तुकडा संपतो तिथंच. तेल तापायच्या आधी मोहरी टाकली की काय होतंय, ते तुम्हाला सांगायला नको.

दोन ट्रॅकचा वेग आपोआप जुळवणाऱ्या सिंक बटणाला नावं ठेवणारे जुने डीजे मला पटत नाहीत. पण १७४चा ट्रॅक त्या बटणानं १२४वर ओढून बसवला, की ड्रम गाळात रुतल्यासारखे वाजतात.

ट्रान्स आणि डबस्टेप हे आणखी दोन प्रकार राहिलेच की. दोन्ही १४०च्या आसपास, वेगाचं भांडण नाही. तिथं फक्त बास सांभाळा. वेळ झाली माझी. नमस्कार.